अंगावरचं दूध

त्रिशला मगदूमच्या दुधाची गोष्ट गावात अजून सांगितली जायची. कृष्णेच्या महापुरात शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली, तेव्हा तिचा सन्मती अडीच महिन्यांचा होता. तिला आणि तिच्या नवऱ्याला, भूपालला, नावेतून काढून जयसिंगपुरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये आणून ठेवलं होतं. सतरंज्यांवर माणसं दाटीवाटीनं पसरलेली, टँकरच्या पाण्याला वास येत होता आणि बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे कुठल्या तरी पुलापलीकडे अडकले होते.

शेजारच्या सतरंजीवर महानंदा कोरे नावाची ओली बाळंतीण तापानं फणफणली होती. तिचं दूध आटलं होतं आणि मुलगी रडून रडून आता रडायचीही बंद झाली होती. त्रिशलाला दूध इतकं, की सन्मतीला ठसका लागायचा. तिनं कुणाला विचारलं नाही. हात लांब करून ती मुलगी उचलली आणि पदराखाली घेतली. दुसऱ्या दिवशी वीटभट्टीवरच्या एका कानडी बाईनं आपलं पोर तिच्यासमोर धरलं. त्यालाही तिनं घेतलं. पाणी ओसरेपर्यंत तीन पोरं तिच्या दुधावर जगली.

वीटभट्टीवालं कुटुंब एका ट्रकमध्ये बसून निघून गेलं, ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. महानंदाची मुलगी मात्र त्रिशलाची होऊन राहिली. तिचं नाव अक्षता. महानंदाला ती अव्वा म्हणायची आणि त्रिशलाला आई. दर भाऊबीजेला सन्मतीला ओवाळायला यायची, आणि ओवाळणीत काय घ्यायचं ते आठ दिवस आधी कळवून ठेवायची.

सन्मती सव्वीस वर्षांचा झाला. पॉलीहाऊसमध्ये आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा बसवायचं काम तो करायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या मानेला गाठी आल्या. अंगावर पुरळ उठलं, कितीही पाणी प्यालं तरी तहान भागेना. गावातल्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं.

मिरजेच्या हॉस्पिटलात नवं यंत्र येऊन तीन-चार वर्षं झाली होती. लोक त्याला रीडर म्हणायचे. नळीभर रक्तातली एकेक पेशी वेगळी काढून, तिच्या आत कोणते निरोप चालू आहेत आणि कोणते बंद, हे ते वाचायचं. पूर्वी गाठ हाताला लागल्याशिवाय कॅन्सर कळत नसे. आता तो व्हायच्या दहा वर्षं आधी त्याची चाहूल पडद्यावर दिसायची. चाहूल दिसली म्हणजे उपाय सापडला, असं मात्र नव्हतं. औषधं यंत्राच्या बरीच मागे राहिली होती. पण लोकांना दम नव्हता. मुलगी बघायला जाताना पत्रिकेआधी रीडिंग विचारायची रीत पडली होती, आणि रीडिंग वाईट निघालं म्हणून मोडलेलं लग्न प्रत्येकाच्या नात्यात एखाद-दुसरं तरी होतं.

डॉक्टर नफिसा मुजावर पन्नाशीच्या होत्या. रक्ताच्या कॅन्सरवरच त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. त्यांनी सन्मती, त्रिशला आणि भूपाल या तिघांना समोर बसवलं, दार लावून घेतलं आणि आधी सन्मतीला विचारलं, की तुला सगळं ऐकायचं आहे का. तो हो म्हणाला.

त्यांनी सांगितलं ते असं. हा रक्ताचा कॅन्सर होता आणि तो एका विषाणूमुळे झाला होता. पेशी आपल्या मनानं काही करत नाही. वाढ, थांब, आता मर, हे निरोप तिला बाहेरून येतात. निरोप पेशीच्या कातडीवर येऊन पोचतो, तिथून आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो आणि शेवटी केंद्रकात पोचतो. शेवटचा जो निरोप्या असतो, त्याला एरवी एक राखणदार प्रथिन धरून ठेवतं. बाहेरून खरोखर निरोप आला, तरच राखणदार मोडतो आणि निरोप्या सुटतो. काम झालं की नवा राखणदार तयार होतो आणि सगळं पुन्हा शांत होतं.

"हा विषाणू पेशीला मारत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो तिच्या जनुकांत आपली जनुकं शिवून टाकतो आणि तिथंच राहतो. त्याचं एक प्रथिन आहे. ते राखणदाराला मोडत राहतं. बाहेरून कुणी काही सांगितलेलं नसतं, पण पेशीला आतून सारखं ऐकू येतं, वाढ, वाढ. आणि 'आता मर' हा निरोप मात्र तिथवर पोचतच नाही."

अशी पेशी वाढत राहते, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. ही दुसरी पायरी. पहिल्या पायरीवर विषाणू नुसता झोपलेला असतो. दुसरीवर माणूस वीस-पंचवीस वर्षं काढू शकतो आणि त्याला काहीच वाटत नाही. पण इतक्या वेळा विभागताना चुका होतात, आणि चुका साठत जातात. मग एका पेशीत त्या इतक्या होतात, की तिला विषाणूच्या प्रथिनाचीही गरज उरत नाही. विषाणू काढून टाकला तरी ती वाढतच राहते. ती तिसरी.

"मी तिसरीवर आहे," सन्मती म्हणाला.

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

अशा जातीचा एक विषाणू जपानच्या दक्षिणेकडे पूर्वीपासून माहीत होता. हा त्याचा भाऊबंद, आपल्याकडे अलीकडेच सापडलेला. त्यांनी त्रिशलाचं आणि भूपालचंही रक्त तपासलं होतं. दोघांतही तो होता, पण झोपलेला. मोठ्या वयात शरीरात शिरला, तर शरीर त्याला परका म्हणून ओळखतं आणि आयुष्यभर दाबून ठेवतं. तान्ह्या बाळाच्या शरीराला आपलं कोण आणि परकं कोण हे अजून शिकायचं असतं. त्या दिवसांत जो आत येतो, त्याला ते आपलाच समजतं.

सन्मतीच्या वेळी बाळंतपणात रक्त चढवलं होतं का, असं त्यांनी त्रिशलाला विचारलं. चढवलं होतं. खूप रक्तस्राव झाला होता, ती बाटली मिळाली नसती तर ती वाचली नसती. त्या काळी हा विषाणू कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे तो कुणी शोधलाही नव्हता. बाटलीतून तो तिच्यात आला आणि तिच्यातून नवऱ्यात आणि दुधात.

"म्हणजे माझ्या दुधातनं," त्रिशला म्हणाली.

यात तुमचा दोष नाही, असं डॉक्टरांनी दोन-तीनदा सांगितलं. ते शब्द तिच्या कानांवर पडले एवढंच. मग त्यांनी विचारलं, की आणखी मुलं आहेत का.

"हा एकटाच," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. सन्मतीनं वळून तिच्याकडे बघितलं, आणि ती हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत बसली.

परतताना गाडी भूपाल चालवत होता. अंकलीचा पूल मागे पडला तसा सन्मती मागच्या सीटवरून बोलला. अक्षताला काही कळता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं. औषध नाही, उपाय नाही. तिचं लग्न रीडिंगची रीत पडायच्या आधीच झालेलं. कळलं तर ती आता रीडिंग काढेल, आणि रीडिंग निघालं की नवरा, सासू, नोकरी, सगळीकडे ते तिच्या आधी जाऊन पोचेल. दिवाळीपर्यंत आपण मजेत होतो, तशी तिलाही जितकी वर्षं मिळतील तितकी मिळू देत.

"मला शब्द दे," तो म्हणाला.

त्रिशलानं शब्द दिला. त्या वेळी तिला ती दया वाटली. मनातल्या मनात तिला सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या वाटण्याची पुढं तिला फार लाज वाटली.

हिवाळा औषधांत गेला. गाठी बसल्या, पुन्हा वर आल्या. सन्मतीचे केस गेले, मग वजन गेलं. अक्षता फोन करायची. इचलकरंजीला सासरी होती, दगदग नको म्हणून सासू तिला सोडत नव्हती. सन्मतीला कॅन्सर झाल्याचं तिला सांगितलं होतं, कशामुळे ते नाही. सासू का सोडत नाही, हे त्रिशलानं खोलात जाऊन विचारलं नाही. मुलाच्या उशाशी बसलेल्या बाईला तेवढं सुचत नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा महानंदा आमंत्रण घेऊन आली. अक्षताला सातवा लागला होता. डोहाळजेवण होतं. घरात आजारी माणूस असताना बोलावणं बरं दिसत नाही, पण पोरगी ऐकेना, तुमच्याशिवाय पाटावर बसणार नाही म्हणते, असं महानंदा संकोचून सांगत होती. आतल्या खोलीतून सन्मतीनं हाक मारून आईला जायला सांगितलं. आणि ती पाणी द्यायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाला, "शब्द दिलायस."

इचलकरंजीच्या त्या घरात पन्नासएक बायका जमल्या होत्या. अक्षता हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. ओटी भरायचा पहिला मान महानंदानं त्रिशलाला दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी महापुराची गोष्ट सांगितली. बायकांनी माना डोलावल्या, एकीनं डोळे पुसले. त्रिशला तांदळाची ओंजळ घेऊन वाकली, तेव्हा अक्षता तिच्या कानाशी म्हणाली, "मी पण बाळाला चांगलं दीड-दोन वर्षं अंगावरच पाजणार आहे. तुझीच लेक ना मी."

तांदूळ ओटीत थोडे आणि पाटावर थोडे सांडले. जेवणाच्या पानावरून त्रिशला लवकर उठली. पुरणाची पोळी पदराखाली कागदात गुंडाळून घेऊन ती निघाली.

घरी आल्यावर तिनं भूपालला परसात नेऊन अक्षता बाळाला अंगावर पाजणार असल्याचं सांगितलं. तो पायानं माती सारखी करत राहिला. त्याला फार बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, की सन्मतीला दिलेला शब्द मोठा आहे, पण त्या पोटातल्या पोराला कुणी कसलाच शब्द दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटी मिरजेला गेली. हॉलमधली सगळी हकिगत तिनं डॉक्टर मुजावरांना सांगितली. डॉक्टर रागावल्या नाहीत. पोटात असताना बाळाला हा विषाणू क्वचितच जातो, असं त्यांनी सांगितलं. तो जातो दुधातून, महिनोन् महिने पाजण्यातून. वरचं दूध दिलं तर बाळ जवळजवळ नक्की वाचेल. आईसाठी मात्र आज आपल्याकडे काही नाही. वीटभट्टीवरच्या मुलाचंही त्यांनी विचारलं. त्याची आई त्याला मल्लू म्हणून हाक मारायची, एवढंच त्रिशलाला आठवत होतं. आरोग्य खात्यानं पुढं त्याचा शोध घेतला. मल्लू कुठल्या गावचा, कुणाचा, जिवंत आहे की नाही, काहीच लागलं नाही.

मिरजेहून ती घरी न जाता तशीच इचलकरंजीला गेली. अक्षतानं दार उघडलं आणि तिला बघून आधी सन्मती बरा आहे ना, असंच विचारलं. त्रिशलानं तिला खाली बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, त्याच क्रमानं सांगायचं असं ठरवून ती आली होती. निरोप, राखणदार, पायऱ्या. पण तोंड उघडलं तसा क्रम राहिला नाही.

"तुझ्या बाळाला अंगावर घेऊ नकोस," ती म्हणाली. "माझ्या दुधात रोग होता. सन्मतीला तोच झालाय."

अक्षतानं तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग तिनं विचारलं, "आणि मला?"

"रक्त बघितल्याशिवाय काय सांगणार."

"तुला कधी कळलं?"

त्रिशलानं खरं सांगितलं. दिवाळीनंतर.

अक्षता उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला. मग पुन्हा आत गेली ती बाहेर आली नाही. त्रिशला पाणी न पिता उठली. जिन्यात तिला अक्षताचा नवरा शिवराज वर येताना भेटला. त्यानं आनंदानं वाकून नमस्कार केला.

अक्षताचं रीडिंग दुसऱ्या पायरीच्या शेवटाकडचं निघालं. किती वर्षं, हे यंत्र सांगत नव्हतं, आणि डॉक्टरही सांगायला धजावल्या नाहीत. तीन असतील, सात असतील.

सन्मतीला ही बातमी त्रिशलानंच दिली. शब्द मोडल्याचं त्याच्यापासून लपवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तोवर तो पलंगावरून उठू शकत नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाळ वाचलं, चांगलं झालं," तो म्हणाला. "पण अक्षताचे दिवस आजपासून मोजणीला लागले, आई. ते कसले असतात ते मला माहिताय."

यानंतर तो तिच्याशी औषध, पाणी, कूस बदलणं, एवढ्यापुरतं बोलत राहिला. रागानं नव्हे. बोलायलाच त्याच्यात फार काही उरलं नव्हतं. तरी तो एकदा तरी 'बरं केलंस' म्हणेल म्हणून ती वाट बघायची. त्याचे हात-पाय चोळताना, चमच्यानं ताक पाजताना ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तो म्हणाला नाही. वैशाखात एका सकाळी भूपाल त्याची दाढी करत असताना तो गेला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. भूपालनं उरलेली दाढी पुरी केली, आणि मगच त्रिशलाला हाक मारली.

महानंदाच्या घरातून भेटायला कुणी आलं नाही. नंतर महानंदाचा फोन आला. ती म्हणाली, "तुम्ही पाजलं नसतं तर माझी पोर त्या हॉलमध्येच गेली असती. मला कळतंय ते. रोज स्वतःला समजावते. पण तुमच्या घराकडं पाय वळत नाही हो."

त्रिशलानं तिला नका येऊ असंच सांगितलं.

अक्षता बाळंत झाली, मुलगा झाला. ही बातमी गावात दुसऱ्याच कुणाकडून कळली. बाळाचं रक्त तपासलं, ते स्वच्छ होतं. वरच्या दुधावर त्याला पहिल्यापासून ठेवलं होतं. मग शिवराजच्या आईनं बाळ हॉस्पिटलमधूनच इचलकरंजीला नेलं आणि अक्षताला माहेरी पाठवलं. शिवण्यानं, मांडीवर घेण्यानं, मुका घेण्यानं काही होत नाही, असं डॉक्टर मुजावरांनी त्या बाईला आणि शिवराजला बसवून परोपरीनं सांगितलं. सासूनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, की डॉक्टर, सव्वीस वर्षांपूर्वी तुम्हा लोकांना दुधाचंही माहीत नव्हतं. शिवराज खाली मान घालून बसून होता.

त्यानंतर आठवड्याभरानं, दुपारी, अक्षता त्रिशलाच्या दारात उभी राहिली. रिक्षानं एकटीच आली होती. डोक्याला रुमाल बांधलेला, तोंड उतरलेलं, आणि अंगावरचा सैल कुर्ता पुढून दोन ठिकाणी ओला. त्रिशला तिला आत घेऊन आली. सन्मतीच्या खोलीत जायला तिनं मान हलवून नकार दिला, म्हणून दोघी स्वयंपाकघरातच बसल्या.

"अव्वाला सांगून आले नाही," अक्षता म्हणाली. "छातीत दगड झालेत, आई. ताप येतोय. डॉक्टरांनी गोळी दिली, पण तिनं मळमळतंय नुसतं. थांबतच नाही ते."

भूपालला त्रिशलानं बाजारात पाठवलं. तो दूध आटवायला छातीवर बांधतात ती मोगऱ्याची ताजी फुलं घेऊन आला, पानात बांधलेली, आणि पुडा चौकटीत ठेवून बाहेर जाऊन बसला. तिनं दार लावलं, जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. अक्षतानं कुर्ता वर केला. स्तन ताठून लाल झाले होते, शिरा दिसत होत्या. त्रिशलानं आधी कोमट पाण्याच्या फडक्यानं ते पुसले, हलक्या हातानं थोडं दूध वाटीत काढून टाकलं, म्हणजे ताण उतरेल. मग फुलं पसरून लावली आणि वरून पट्टी गुंडाळायला घेतली. हे काम हातांना येत होतं. सन्मतीचं अंगावरचं दूध तोडताना तिनं स्वतः हेच केलं होतं.

"घट्ट होतंय?"

"होऊ दे."

सकाळी जरा कमी वाटतं, असं अक्षता सांगत होती. पण दिवसातून दोनदा शिवराज आईची नजर चुकवून व्हिडिओ कॉल करतो आणि बाळ दाखवतो. बाळ झोपलेलं असलं तर ठीक. रडलं की इकडं पान्हा फुटतो, कपडे भिजतात, आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

त्रिशलाचा हात थांबला. हे तिला माहीत होतं. रडणं कानावर पडलं की अंग ऐकतं, मग मूल मांडीवर असो की फोनमध्ये. ते आटवायचं तर एकच उपाय होता, आणि तो सांगायला आता या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"थोडे दिवस फोन घेऊ नकोस," ती म्हणाली.

अक्षता तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे त्याला बघायचंही नाही?"

"दूध जाईस्तोवर."

"आणि मग तो मला ओळखणार कसा?"

त्रिशलानं पट्टीचं टोक आत खोचलं, कुर्ता खाली ओढला, उरलेली फुलं गोळा केली. अक्षता गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. मग तिनं खिशातला फोन काढला, पडद्यावरचा बाळाचा फोटो एकदा बघितला आणि फोन त्रिशलाच्या हातात दिला. हातातच तो वाजायला लागला. शिवराज होता.

दोघीही फोनकडे बघत बसल्या. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. अक्षतानं दोन्ही तळहातांनी कान घट्ट दाबून धरले होते, तरीही तिच्या कुर्त्यावर, नव्या पट्टीच्या वर, ओला डाग हळूहळू पसरत गेला.